दुखेल तिथं मूळ संपत नसतं

गेल्या शनिवारी संध्याकाळी माझे मामा दाढेच्या रूट कॅनलसाठी माझ्याच दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीत बसले आणि तोंड उघडायच्या आधी त्यांनी मोबाईल उघडला. "हे आधी वाच. मग हात लाव."

मामा म्हणजे कोल्हापूरच्या उद्यमनगरात अडतीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. व्हर्नियर लावून माप घेतल्याशिवाय एक जॉब त्यांनी कधी पुढं सरकवला नाही. असा माणूस मला सांगत होता, "भूल नको, एक्स-रे नको, ते ओठाला हुक लावायचं मशीन तर अजिबात नको. आत घाल सुई. दुखलं की मी हात वर करतो, तिथं थांब."

मेसेज त्यांना तालमीच्या ग्रुपवर आला होता. मामींना तोच भिशीच्या ग्रुपवर आला. त्या आठवड्यात आणखी तीन पेशंटनी मला तोच दाखवला आणि त्यातली एक बाई उपचार अर्धवट सोडून गेली, ती अजून आलेली नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

"रूट कॅनलच्या नावाखाली लूट" असं त्याचं शीर्षक आहे आणि खाली "एका प्रामाणिक डॉक्टरकडून" अशी सही. नाव नाही, गाव नाही. मुद्दे सहा. दाताच्या मुळाची लांबी पुस्तकात छापलेली असते, मोजायचं निव्वळ नाटक असतं. दाताचा एक एक्स-रे म्हणजे वर्षभराचं रेडिएशन, आणि असे एक्स-रे काढणाऱ्या पहिल्या डॉक्टरचा तर हातच कापावा लागला. लांबी मोजणारं मशीन मेंदूत करंट सोडतं. तरीही ते मशीन शंभर टक्के अचूक असतं, म्हणून एक्स-रेचे पैसे देऊ नका. मिलिमीटर इकडं-तिकडं झाल्यानं काही बिघडत नाही. आणि शेवटी "फुकटची, नैसर्गिक पद्धत": भूल घेऊ नका, सुई जिथं दुखेल तिथं मूळ संपलं असं समजा.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण मामा तोच घेऊन आले होते आणि सगळ्यात जास्त नुकसान तोच करणार आहे.

आधी आपण मोजतो काय, ते सांगते. दाताच्या मुळात एक बारीक नळी असते. लोक ज्याला "नस" म्हणतात तो मऊ भाग या नळीत असतो. त्यात रक्तवाहिन्या असतात, मज्जातंतू असतात. कीड तिथवर पोचली की तो भाग आधी ठणकतो, मग सडतो. रूट कॅनल म्हणजे ती नळी फायलींनी, म्हणजे सुईसारख्या बारीक अवजारांनी, साफ करायची, औषधानं धुवायची आणि गटापर्चा या रबरासारख्या पदार्थानं बंद करायची. मुळाच्या टोकाकडं जाताना ही नळी निमुळती होत एका जागी सगळ्यात अरुंद होते आणि त्या गळ्यापुढं पुन्हा फाकून बाहेर उघडते. आपलं काम त्या गळ्यापर्यंत. त्याच्या पलीकडं हाड आणि जिवंत ऊती. दाताच्या वरच्या ठरलेल्या खुणेपासून या गळ्यापर्यंतचं अंतर म्हणजे वर्किंग लेंथ. फायलीवर जो छोटा रबरी स्टॉपर दिसतो, तो याच अंतरावर लावलेला असतो.

आता "दुखेल तिथं मूळ संपतं" हे त्या नळीत घालून बघू. दुखतं ते जिथं जिवंत मज्जातंतू शिल्लक आहे तिथं. नस अर्धी मेलेली, अर्धी जिवंत असेल, तर फाईल टोकापासून पाच-सहा मिलिमीटर अलीकडं असतानाच माणूस किंचाळेल. डॉक्टर तिथं थांबला, तर खालचा सगळा सडका भाग आत राहिला आणि वरून झाकण बसलं. उलट नस पूर्ण मेलेली असेल आणि टोकाभोवतीचं हाडही झिजलेलं असेल, तर फाईल मुळातून बाहेर पडली तरी काही जाणवणार नाही.

मामांची दाढ या दुसऱ्या प्रकारातली. खालची, उजवीकडची, पहिली मोठी दाढ. बर्फासारखी थंड कांडी लावली तरी त्यांना काही कळलं नाही. आदल्या आठवड्यात काढलेल्या एक्स-रेत मागच्या मुळाच्या टोकाला काळी सावली स्पष्ट दिसते, म्हणजे तिथलं हाड विरघळलंय. मी स्क्रीन त्यांच्याकडं वळवली आणि म्हटलं, "मामा, या दाढेतली नस कधीच मेलीय. तुम्ही हात वर कराल तेव्हा माझी फाईल जबड्याच्या हाडात असेल."

त्या हाडातून खालच्या ओठाची आणि हनुवटीची संवेदना नेणारी मोठी नस जाते. काही जणांत मागच्या दाढांची मुळं तिच्या अगदी जवळ असतात. आणि आत नुसती फाईल जात नाही. नळी धुवायला आम्ही सोडियम हायपोक्लोराईट वापरतो. कपड्यांचे डाग काढायच्या ब्लीचमध्ये असतं तेच द्रव्य. नळीच्या आत त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही, कारण ते सडका भाग विरघळवतं आणि जंतू मारतं. मुळाचं तोंड फाईल घालून घालून फाडून ठेवलं आणि हे द्रव्य बाहेर गेलं, तर ते जिवंत ऊतीही तशाच जाळतं. त्याच क्षणी असह्य आग होते, बघता बघता गाल सुजतो, पुढचे कितीतरी दिवस चेहरा काळानिळा राहतो. खालच्या दाढेच्या बाबतीत ओठ महिनोन् महिने बधिर राहू शकतो, क्वचित कायमचा. वरच्या दाढांची मुळं तर कित्येकदा सायनसला, म्हणजे नाकाशेजारच्या हाडातल्या पोकळीला, भिडलेली असतात. हे सगळं "नैसर्गिक" या एका शब्दाखाली झाकून त्या मेसेजनं लोकांच्या हातात दिलंय.

भूल न घेण्याचा सल्लाही तितकाच घातक आहे. दाढेत सुईसारखं अवजार असताना माणूस दुखून दचकला की डोकं हलतं आणि अवजार नको तिथं जातं. ज्यांना रक्तदाब आहे, हृदयाचा त्रास आहे, त्यांच्या अंगात वेदनेमुळं ॲड्रेनलिन उसळतं. मामांना दोन्ही गोळ्या चालू आहेत. तालमीत वाढलेल्या माणसाला दुखणं सोसायचा अभिमान असतो, तो मला कळतो, त्याच घरात मी वाढले आहे. पण इथं सोसण्यातून माहिती काहीच मिळत नाही.

यात अर्धं खरं आहे, तेवढं कबूल करते. एक्स-रेची यंत्रं गावोगावच्या दवाखान्यात नव्हती तेव्हा डॉक्टर बोटाच्या स्पर्शावर आणि पेशंटच्या चेहऱ्यावर बरंच अवलंबून असत. सरावलेल्या हाताला गळ्याशी अडकल्यासारखं जाणवतंही. मलाही जाणवतं आणि मी ती खूण लक्षात घेते. पण वयानुसार नळीत चुना साचून ती मध्येच अरुंद झालेली असते, वाकडी असते, आणि तिथंही हाताला तस्संच जाणवतं. मामांना मी एवढंच विचारलं, "आरपार न जाणाऱ्या भोकाची, ब्लाइंड होलची, खोली तुम्ही ड्रिल अडलं म्हणून लिहायचा, की डेप्थ गेज घालून?" ते गप्प बसले.

मग पाचवा मुद्दा. "मिलिमीटर इकडं-तिकडं झाल्यानं काही बिघडत नाही."

याला उत्तर द्यायला माझ्या मताची गरज नाही. स्वीडनमध्ये श्योग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५६ रुग्णांना रूट कॅनलनंतर ८ ते १० वर्षांनी परत बोलावून तपासलं आणि १९९० साली निष्कर्ष छापले. नस मेलेली आणि मुळाच्या टोकाशी आधीच हाड झिजलेलं, म्हणजे हुबेहूब मामांसारख्या दातांत त्यांना काय दिसलं? एक्स-रेत दिसणाऱ्या टोकापासून २ मिलिमीटरच्या आत भरणं थांबलं होतं, तिथं ९४ टक्के मुळं बरी झाली. टोकाच्या बाहेर गेलं होतं, तिथं ७६ टक्के. आणि २ मिलिमीटरपेक्षा जास्त अलीकडं थांबलं होतं, तिथं ६८ टक्के. जंतू जास्त करून उरतात ते त्या शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये. हा अभ्यास जुना आहे, त्यानंतर फायली बदलल्या, औषधं बदलली, तरी हे आकडे आजही शिकवले जातात, कारण इतक्या वर्षांनी पेशंटना परत बोलावून तपासायचे कष्ट फार थोड्यांनी घेतले आहेत. एवढे आकडे समोर असताना मिलिमीटरनं काही होत नाही असं लिहिणाऱ्या माणसानं दात कधी उघडून बघितलाय, यावर माझा विश्वास नाही.

"पुस्तकात लांबी छापलेली असते." असते. खालच्या पहिल्या दाढेची साधारण २१ मिलिमीटर. पण ही सरासरी आहे. महाद्वार रोडवरच्या चपलेच्या दुकानात कुणी सरासरी मापाची चप्पल घेऊन घरी जात नाही. एकाच दाढेच्या तीन नळ्या तीन वेगळ्या लांबीच्या असतात. सुपारी खाऊन, मिशरी घासून दात वरून झिजलेले असतात, म्हणजे मोजायची सुरुवातच खाली सरकलेली असते. वय वाढतं तसं मुळाच्या टोकावर बाहेरून थर चढत जातो. पुस्तकातली लांबी पहिली फाईल किती आत न्यायची याचा अंदाज द्यायला असते, आणि मोजणी तिथून पुढं सुरू होते.

आता एक्स-रे. या मुद्द्यावर माणसं खरंच घाबरतात, त्यामुळं इथं घाई करणार नाही.

हात कापावा लागलेल्या डॉक्टरची गोष्ट खरी आहे. ते न्यू ऑर्लिन्सचे एडमंड केल्स. राँटगेन यांना १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण सापडले आणि पुढच्याच वर्षी केल्स दातांचे एक्स-रे काढू लागले. मुळात तार घालून तिचा एक्स-रे काढायचा आणि ती कुठवर पोचली ते बघायचं, हे त्यांनी १८९९ साली केलं. म्हणजे मी शनिवारी मामांच्या दाढेत जे केलं, त्याची सुरुवात या माणसानं केली. तेव्हा एका चित्राला काही मिनिटं लागायची आणि यंत्र नीट चालतंय का हे ते दर वेळी स्वतःचा हात किरणांत धरून बघायचे. वर्षानुवर्षं. आधी बोटं गेली, मग हात गेला. त्यांच्या यातनांचा वापर आज पेशंटला घाबरवायला होतोय, हे मला सहन होत नाही. ज्यांचा हात गेला त्यांनी स्वतः हजारो वेळा, कसल्याही आडोशाशिवाय किरण घेतले होते, पेशंटच्या वाट्याला आलेले नव्हेत.

आज दवाखान्यात जो छोटा सेन्सर तोंडात ठेवतात, ज्याला आम्ही आरव्हीजी म्हणतो, त्याला सेकंदाचा लहानसा भाग पुरतो. एका दाताच्या अशा एक्स-रेत अंगाला लागणारा डोस काही मायक्रोसिव्हर्ट असतो (सिव्हर्ट हे किरणांचा डोस मोजायचं एकक; हजार मायक्रोसिव्हर्ट म्हणजे एक मिलिसिव्हर्ट). जमीन, हवा, अन्न, आकाशातून येणारे किरण अशा सगळ्यांतून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला साधारण २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला सहा-सात मायक्रोसिव्हर्ट मिळतातच. दाताचा एक एक्स-रे म्हणजे एखाद्या दिवसाचा हिशेब. मेसेज म्हणतो एक वर्ष. चूक थोडीथोडकी नाही, तीनशेपटीच्या घरातली आहे.

तरीही गरज नसताना एकही एक्स-रे काढू नये, हे मी मान्य करते. आणि नाइलाजानं हेही मान्य करते की आमच्यातले काही जण कोन चुकला म्हणून पुन्हा, सवय म्हणून पुन्हा, असे जास्तीचे काढतात. एका सरळ रूट कॅनलला साधारण तीन-चार पुरतात: सुरुवातीचा, फायली आत घालून लांबीचा, गटापर्चा बसवून बघताना, आणि शेवटचा. मशीन नीट चालत असेल तर सोप्या दातात मधले दोन एकत्र करता येतात. सातवा-आठवा एक्स-रे निघत असेल तर "कशासाठी" हे विचारायचा पेशंटला पूर्ण हक्क आहे. पहिल्यालाच नकार देणं म्हणजे डॉक्टरला डोळे बांधून आत पाठवणं.

एक्स-रेची खरी उणीव रेडिएशन नाही आणि ती त्या मेसेजमध्ये कुठंच नाही. ते सपाट चित्र आहे. मुळाचं तोंड बहुतेक वेळा बरोबर टोकावर उघडत नाही, जरा बाजूला उघडतं. मेक्सिकोच्या कुटलर यांनी १९५५ साली मुळांची टोकं सूक्ष्मदर्शकाखाली बघून हे दाखवलं. नळीच्या गळ्यापासून मुळाच्या तोंडापर्यंतचं अंतर तरुणांत साधारण अर्धा मिलिमीटर आणि वयस्कांत त्याहून थोडं जास्त, हेही त्यांचंच. मुळाचं तोंड गालाच्या किंवा जिभेच्या बाजूला उघडत असेल, तर फाईल बाहेर पडलेली असूनही एक्स-रेत ती आत दिसते. खालच्या दाढेच्या पुढच्या मुळातल्या दोन नळ्या समोरून एकावर एक दिसतात, म्हणून कोन बदलून बघावं लागतं. वरच्या दाढांवर गालाच्या हाडाची सावली पडते. ही उणीव भरून काढायलाच मशीन आलं.

मशीन म्हणजे एपेक्स लोकेटर. त्याचं एक टोक ओठाला हुकानं अडकवतात, दुसरं फायलीला. मुळाच्या टोकाशी असलेल्या ऊती आणि तोंडातली त्वचा यांच्यातला विद्युतरोध जवळपास ठरलेला असतो, हे जपानमध्ये सुझुकी यांनी १९४२ साली कुत्र्यांवर पाहिलं आणि १९६२ साली सुनादा यांनी त्यावरून माणसाच्या दाताची लांबी मोजून दाखवली. सुरुवातीच्या मशीनना नळीत जरा ओल असली, रक्त असलं, की गोंधळ व्हायचा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कोबायाशी यांनी दोन वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर एकाच वेळी मोजून त्यांचं गुणोत्तर घ्यायची युक्ती काढली आणि ओल्या नळीतही मोजता येऊ लागलं. प्रवाह इतका सूक्ष्म असतो की भूल दिलेल्या माणसाला काहीही कळत नाही. तो फायलीतून ओठाच्या हुकाकडं जातो, मेंदूचा त्यात काही संबंध नाही. पेसमेकर असेल तर मात्र आधी जरूर सांगा. २००६ साली पेसमेकर किंवा डिफिब्रिलेटर बसवलेल्या २७ जणांवर हे तपासलं गेलं, तेव्हा अडथळा दिसला नाही. तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच आम्ही पुढं जातो.

आणि "शंभर टक्के अचूक"? मामांच्या दाढेत शनिवारी काय झालं ते सांगते. भूल दिली, दाढ उघडली, हुक लावला. पहिली फाईल जेमतेम आत गेली आणि मशीन ओरडायला लागलं, टोक आलं म्हणून. मामांनी डोळ्यांनीच विचारलं, एवढ्यात? त्या दाढेत वीस वर्षांपूर्वीची चांदी भरलेली आहे. फायलीचा धातू त्या चांदीला टेकला आणि प्रवाह आडवाटेनं गेला. चांदी काढली, नळी जरा टिपून कोरडी केली, पुन्हा लावलं, तर काटा शहाण्यासारखा हळूहळू सरकायला लागला. मशीनवर विसंबून मी पहिल्या आवाजाला थांबले असते तर दाढ जवळजवळ सगळीच आत सडत राहिली असती. धातूची कॅप, उतरलेली बॅटरी, लहान मुलाचं टोक अजून पुरतं न बनलेलं मूळ, मुळाला आधीच पडलेलं भोक, यातलं काहीही असलं तरी मशीन फसतं. शिवाय पडद्यावर ०.५ दिसलं म्हणजे टोक अर्ध्या मिलिमीटरवर आहे असंही नसतं. ती खूण आहे, मिलिमीटर नव्हे. भरवशाची असते ती शेवटची खूण, आणि तिथून आम्ही थोडं मागं येतो. २०१४ साली या विषयावरचे क्लिनिकल अभ्यास एकत्र करून तपासले गेले. पुरावा थोडाच आहे असं सांगूनच त्यात म्हटलंय की मशीनमुळं एक्स-रे कमी होतात आणि लांबी बहुधा जास्त चांगली मिळते, पण चूक पकडायला किमान एक एक्स-रे हवाच. दोन्ही हवेत, ते यासाठी.

मामांच्या तीन नळ्या मशीननं १९.५, २० आणि २०.५ दाखवल्या. फायली तिथंच ठेवून कोन जरा तिरका करून एक्स-रे काढला. पुढच्या मुळातल्या दोन्ही नीट बसलेल्या होत्या. मागची टोकाच्या अगदी कडेला टेकलेली दिसली, तिथं हाड झिजल्यामुळं गळाही झिजला असणार. अर्धा मिलिमीटर मागं घेतली आणि २० वर पक्की केली. चूळ भरल्यावर मामांनी खिशातली डायरी काढून तिन्ही आकडे लिहून घेतले, कुठल्या टोकावरून मोजलं ते विचारून त्याचीही खूण केली, आणि म्हणाले, "अर्धा मिलिमीटर म्हणजे वीस थाऊ की गं, इंचाचे वीस हजारांश. तेवढ्याला आमच्यात जॉब रिजेक्ट होतोय."

तालमीच्या ग्रुपवर त्यांनी त्या रात्री काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. उद्या सकाळी अकराला त्यांची दुसरी बैठक आहे. गटापर्चा बसवून बघताना आणखी एक एक्स-रे काढणार आहे, हे त्यांना आजच फोन करून सांगितलंय.